सुरकुतलेलं फळ फेकू नका: पॅशन फ्रूट पहिल्यांदाच घरी आणणाऱ्यांसाठी

वायनाडला राहणाऱ्या एका मैत्रिणीने काही वर्षांपूर्वी दीड किलो पॅशन फ्रूट पाठवली होती. फळं गुळगुळीत, गडद जांभळी, देखणी. आम्ही ती टोपलीत मांडून ठेवली. आठवड्याभरात सालीला सुरकुत्या पडल्या आणि आईने "वाळून गेली गं सगळी" म्हणत निम्मी कचऱ्यात टाकली. उरलेल्यातलं एक मी सहज कापलं आणि त्या वासाने स्वयंपाकघर भरून गेलं. टाकलेली फळं खराब नव्हती, नुकती कुठे खायच्या बेताला आली होती. त्याची हळहळ मला अजून वाटते. तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते आहे.

आधी ओळख

पॅशन फ्रूट म्हणजे कृष्णकमळाच्या कुळातल्या एका वेलीचं फळ. म्हणून मराठीत काही जण त्याला कृष्णफळ म्हणतात. कृष्णकमळाचं फूल हातात घेऊन लहानपणी आपण मोजायचो: बाहेरची झालर म्हणजे शंभर कौरव, आतले पाच पुंकेसर म्हणजे पांडव, वरचे तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांना याच कुळातल्या फुलात ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या यातना दिसल्या. झालर हा काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर या पाच जखमा, वरचे तीन म्हणजे तीन खिळे. नावातला 'पॅशन' हा त्या यातनांचा आहे, प्रेमाबिमाचा नाही. केरळात बरेच लोक त्याला 'फॅशन फ्रूट' म्हणतात. तिकडच्या कुणी तसं म्हटलं तर ते याच फळाबद्दल बोलताहेत असं समजा.

वेल मूळची दक्षिण ब्राझील, पराग्वे आणि उत्तर अर्जेंटिना या पट्ट्यातली. आजही जगात सर्वांत जास्त पीक ब्राझीलमध्ये निघतं. आपल्या देशात मणिपूर, नागालँड, मिझोराम या डोंगराळ राज्यांत आणि दक्षिणेला केरळ, निलगिरी, कोडगू भागात ते होतं.

बाजारात दोन रंग दिसतील. जांभळं फळ लिंबापेक्षा थोडं मोठं असतं. थंड डोंगराळ हवा त्याला मानवते. गोडी आणि वास याचाच जास्त. पिवळं आकाराने मोठं, सखल आणि उष्ण भागात वाढणारं आणि चांगलंच आंबट. कोडगूतल्या चेट्टळ्ळीच्या बागायती संशोधन केंद्राने या दोघांचा संकर करून 'कावेरी' हे वाण काढलं. नुसतं चमच्याने खायचं असेल तर जांभळं घ्या. सरबत, आइस्क्रीम, श्रीखंड असं काही करायचं असेल तर पिवळ्याचा आंबटपणा कामाला येतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. कुंपणावर कृष्णकमळ आहे आणि त्याला फळ धरलंय, म्हणून ते तोडून खाऊ नका. शोभेच्या वेली वेगळ्या जातींच्या असतात आणि त्यांची सगळी फळं खाण्याजोगी नसतात. रानात, रस्त्याकडेला केसाळ जाळीत गुंडाळलेलं बोराएवढं फळ दिसतं. त्या वेलीला वेलघाणी म्हणतात आणि तीही याच कुळातली. तिचं कच्चं फळ विषारी असतं. मुलांना ओळख करून द्या, पण तोंडात घालू देऊ नका.

मंडईत: डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा

आंब्याचा आपण वास घेतो, कलिंगडाला टिचकी मारतो. पॅशन फ्रूट तळहातावर तोलायचं. सारख्या आकाराची दोन फळं दोन हातांत घ्या आणि जड लागेल ते ठेवा. साल जाड आणि कडक असल्यामुळे आत काय आहे ते दाबून कळत नाही, वजनावरून मात्र लगेच कळतं.

हलकं फळ का निघतं? या फळात प्रत्येक बी रसाच्या एका इवल्या पिशवीत बसलेली असते. जितक्या बिया भरल्या तितका रस. फुलावर परागकण नीट पोचले नाहीत तर बिया थोड्याच भरतात आणि फळ बाहेरून छान गोल दिसत असलं तरी आतून पोचट राहतं. हे परागीकरणाचं काम मुख्यतः मोठे काळे भुंगे करतात. छोट्या मधमाशीचा आकार या फुलाला पुरत नाही, तिची पाठ वरच्या पुंकेसरांना लागत नाही. वेलीजवळ भुंगा घोंघावताना दिसला तर त्याला हाकलू नका.

आता सुरकुत्यांबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच होतो. फळ वेलीपासून सुटलं की सालीतलं पाणी हळूहळू उडतं आणि साल आक्रसते. त्याच दिवसांत आतला आंबटपणा कमी होत जातो, त्यामुळे गर अधिक गोड लागतो. म्हणून जांभळ्या फळावर बारीक सुरकुत्या असतील आणि ते हातात जड लागत असेल, तर ते आजच खायचं फळ आहे. गुळगुळीत, तुकतुकीत फळ वाईट नसतं, त्याला फक्त दोन-चार दिवस द्यावे लागतात. खारकेसारखं आक्रसलेलं आणि हलकं फळ मात्र खरंच संपलेलं असतं.

पण नुसत्या सुरकुत्यांवरही जाऊ नका. सोलापूर, नागपूरकडच्या उन्हाळ्यात कोरड्या हवेने साल लवकर आक्रसते आणि आतला गर तोवर पुरता पिकलेलाही नसतो. उलट मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात फळ पिकलं तरी साल बराच काळ ताठ राहू शकते. त्यामुळे सुरकुत्या पाहायच्या त्या वजनासोबतच.

रंगही पाहा. जांभळं फळ सगळीकडून जांभळं हवं, देठाजवळ थोडीशी हिरवी छटा चालेल. अर्धं हिरवं असेल तर घेऊ नका. ते घरी रंग बदलेल, सुरकुतेलही, पण आंबट ढोणच राहण्याची शक्यता जास्त. वेलीवर पूर्ण पिकलेलं फळ आपोआप गळून खाली पडतं आणि बागायतदार ते रोज जमिनीवरून वेचतात. आपल्या पाडाच्या आंब्यासारखंच हे. दूरच्या बाजारासाठी मात्र फळं थोडी आधी तोडावी लागतात. विकणारा स्वतः शेतकरी असेल तर "वेचलेली की तोडलेली?" एवढं विचारा. वेचलेली असतील तर थोडी महाग पडली तरी घ्यावीत असं माझं मत आहे, फक्त ती लवकर संपवा.

शेवटी देठाची जागा बघा. तिथे पांढरी-करडी बुरशी, ओलसरपणा किंवा चीर दिसली तर फळ परत ठेवा. सालीवरच्या कोरड्या खरचटल्याच्या खुणांनी काही बिघडत नाही. नाकाशी धरल्यावर मंद गोडसर वास आला तर उत्तम, आंबलेला वास आला तर नको.

भावाचं गणितही आधीच मांडून घ्या. या फळाचा मोठा भाग साल असते. किलोभर फळांतून साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा, फार तर थोडा जास्त गर मिळतो. म्हणजे किलोचा जो भाव सांगितला असेल त्याला तीनने गुणलं की गराचा खरा भाव कळतो. चार माणसांना नुसती चव बघायची असेल तर आठ-दहा फळं पुरतात. पाहुण्यांसाठी सरबत करायचं म्हणून एक किलो आणलं तर तेही होतं, कारण त्याचा वास इतका तेज असतो की एका फळात एक मोठा ग्लास निघतो.

घरी आल्यावर

पिशवी उघडली की फळं धुऊ नका. ओली साल ठेवली की देठापासून बुरशी धरते. धुवायचं ते कापण्याच्या आधी.

पहिल्यांदा त्यांचे तीन ढीग करा. अगदी गुळगुळीत, कुठे हिरवट असलेली फळं एका टोपलीत, उन्हापासून दूर, घरातल्या साध्या हवेत ठेवा. घाई असेल तर कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा. आंब्यासारखी आढी घालायची गरज नाही, पण केळ्यातून निघणाऱ्या वायूने हे फळही लवकर पिकतं. रोज एकदा बघा.

बारीक सुरकुत्या पडलेली फळं आज-उद्या खायची असतील तर बाहेर राहू द्या, नाहीतर थेट फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. सैल बांधलेल्या पिशवीत ठेवली तर सालीतलं पाणी लवकर उडत नाही. अशी जांभळी फळं एक ते दोन आठवडे सहज टिकतात. पिवळ्या फळाला जास्त थंडी सोसत नाही. त्याला ७ ते १० अंश सेल्सिअस तापमान मानवतं, म्हणून ते फ्रीजच्या मागच्या गार भिंतीला न लावता दाराकडच्या बाजूला ठेवा. कच्चं फळ तर फ्रीजमध्ये अजिबात नको, थंडीत त्याचं पिकणंच मंदावतं.

तिसरा ढीग खोल सुरकुत्यांच्या फळांचा. ती आजच कापा आणि गर काढून ठेवा. तो कसा टिकवायचा ते पुढे सांगते.

कापायची रीत

साल टणक आणि गुळगुळीत असते, सुरी सटकते. धारदार सुरी घ्या, शक्यतो दातेरी. फळ आडवं धरा आणि अंड्याची टोपी उडवावी तसा वरचा पाव भाग कापा. बरोबर मध्ये कापलं तर गर दोन्ही बाजूंनी सांडतो. ताट खाली ठेवा, कारण रस उडतो आणि पिवळा डाग कपड्यावरून लवकर जात नाही. आत सालीला लागून पांढरं अस्तर असतं, ते तुरट लागतं, खरवडून घेऊ नका. चमच्याने फक्त केशरी गर बियांसकट उचला.

बिया टाकायच्या नाहीत. नवीन माणूस हमखास इथे अडतो आणि एकेक बी थुंकत बसतो. त्या बारीक, कुरकुरीत असतात. चावायला नको वाटल्या तर सरळ गिळा, डाळिंबाच्या दाण्यांसारख्या. आणि हे मी केवळ सोयीसाठी सांगत नाही.

पोटात काय जातं

जांभळ्या फळाच्या १०० ग्रॅम गरात बियांसकट साधारण ९७ कॅलरी, १० ग्रॅमपेक्षा थोडा जास्त चोथा म्हणजे तंतू, ३० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व, ३४८ मिलिग्रॅम पोटॅशियम, २९ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि १.६ मिलिग्रॅम लोह असतं. अ जीवनसत्त्वात रूपांतर होणारं बीटा कॅरोटिनही बरंच असतं, गराचा केशरी-पिवळा रंग अशा द्रव्यांचाच.

यात डोळ्यांत भरतो तो तंतूंचा आकडा. सफरचंदात १०० ग्रॅमला तो सव्वादोन-अडीच ग्रॅम असतो, पेरूत साडेपाचच्या आसपास. आणि इथे दहा. पण हे तंतू जवळजवळ सगळे बियांमध्येच असतात. हाच गर गाळून नुसता रस घेतला तर १०० ग्रॅमला तंतू उरतात फक्त ०.२ ग्रॅम. एका गाळणीने फळाचं निम्मं मोल निघून जातं. बियांमध्ये पायसिटॅनॉल नावाचं पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं एक द्रव्यही असतं.

मात्र १०० ग्रॅम गर म्हणजे पाच-सहा फळं. एका जांभळ्या फळातून साधारण १८ ग्रॅम गर निघतो. रोज दोन फळं खाल्ली तर साडेतीन ग्रॅमच्या वर तंतू आणि ३५ कॅलरी, असा माफक हिशेब आहे. सी जीवनसत्त्वासाठी मात्र हे महाग फळ विकत घेऊ नका, त्यात आपला पेरू याच्या सात पट पुढे आहे. चवीसाठी आणि तंतूंसाठी घ्या. लोहाचा उपयोग व्हायचा असेल तर नाचणीच्या किंवा पालेभाजीच्या जेवणाबरोबर हे आंबट फळ असणं चांगलं, कारण वनस्पतीतलं लोह सी जीवनसत्त्वाच्या सोबतीने अधिक शोषलं जातं.

पॅशन फ्रूट खाल्ल्याने शांत झोप लागते, असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. ही सरमिसळ आहे. झोपेसाठी आणि अस्वस्थपणासाठी वापरतात ती 'पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा' ही याच कुळातली दुसरी वेल, आणि तिचं फळ नव्हे तर पानं, फुलं, देठ. आपण खातो ते 'पॅसिफ्लोरा एड्युलिस'. झोपेचं औषध म्हणून ते खाण्यात अर्थ नाही.

कोणी जपून खावं

ज्यांना रबराच्या हातमोज्यांची, फुग्यांची म्हणजे लेटेक्सची ॲलर्जी आहे त्यांना केळं, किवी, ॲव्होकॅडो यांच्याप्रमाणे या फळाचाही त्रास होऊ शकतो. पहिल्यांदा खाताना अर्धा चमचा खा आणि थांबा. ओठ, घसा खाजला तर पुढे जाऊ नका. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाळांना बियांसकट गर देऊ नका, गाळून द्या.

कच्च्या हिरव्या फळात आणि सालीत सायनाइड तयार करू शकणारी संयुगं असतात, फळ पिकत जातं तशी ती कमी होतात. त्यामुळे हिरवं फळ कैरीसारखं मीठ-तिखट लावून खायचा मोह टाळा. साल वाया जाते म्हणून जीव तुटतो हे खरं, पण तिची जागा खताच्या डब्यात.

ज्यांना एकदम चोथा सोसत नाही त्यांनी पहिल्या दिवशी चार-पाच फळं संपवू नयेत, पोट फुगतं. एकापासून सुरुवात करा आणि पाणी पीत राहा.

गर साठवायचा कसा

कापलेलं फळ झाकून फ्रीजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक. काढलेला गर काचेच्या कोरड्या बरणीत, घट्ट झाकण लावून तीन-चार दिवस राहतो. भांडं काचेचं किंवा स्टीलचंच हवं. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तो कळकेल, ॲल्युमिनियमही नको. बरणी उघडल्यावर बुडबुडे दिसले, फस्स आवाज आला किंवा दारूसारखा वास आला तर गर आंबलाय, टाकून द्या.

जास्त दिवसांसाठी फ्रीझरसारखा उपाय नाही. बियांसकट गर बर्फाच्या ट्रेमध्ये भरा. वर थोडी जागा सोडा, गोठताना तो फुगतो. दुसऱ्या दिवशी वड्या काढून झिपच्या पिशवीत भरा, हवा दाबून काढा आणि पिशवीवर मार्करने तारीख टाका. तारीख टाकायचा कंटाळा करू नका, सहा महिन्यांनी तो गर आंब्याचा की याचा तेही आठवत नाही. एक वडी म्हणजे साधारण एक मोठा चमचा, एका ग्लासाला पुरेशी. सहा-आठ महिने वास चांगला राहतो. लागेल तेवढ्याच वड्या काढा आणि वितळलेला गर पुन्हा गोठवू नका.

फ्रीझरमध्ये जागा नसेल तर पाक करा. गराच्या वजनाएवढी साखर घ्या, तिच्या निम्मं पाणी घालून उकळा, पाक पूर्ण गार होऊ द्या आणि मग गर मिसळा. गर पाकात उकळला तर वास उडून जातो आणि सी जीवनसत्त्वही घटतं. उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत, फ्रीजमध्ये, हा पाक दोन-तीन आठवडे टिकतो. मधुमेह असेल तर ही बाटली आपली नाही. त्यांनी ताजं फळ मोजून खावं.

वापरताना

सरबताला दोन चमचे गर, साखर, चिमूटभर मीठ आणि गार पाणी. भाजलेल्या जिऱ्याची पूड मला तरी यात आवडत नाही, तिचा वास या फळाच्या वासावर चढतो. दुधात घालताना सांभाळा. हे फळ लिंबाच्या जवळपास जाईल इतकं आंबट आहे आणि दूध फाटतं. मिल्कशेक करायचाच तर दूध एकदम गार घ्या, गर शेवटी घाला आणि लगेच प्या.

श्रीखंडाशी मात्र त्याचं गोत्र जुळतं. अर्ध्या किलो चक्क्यात नेहमीपेक्षा थोडी जास्त साखर मिसळून पुरणयंत्रातून काढून घ्या. वाढण्याच्या तासभर आधी तीन-चार चमचे गाळलेला गर हलक्या हाताने मिसळा. आधीच मिसळला तर श्रीखंड सैल पडतं. चक्का ताजा, कमी आंबट निवडा. वेलची, जायफळ काहीही घालू नका.

गर गाळण्यासाठी मिक्सर फिरवत बसलात तर बिया फुटतात, रस कडवट होतो आणि त्यात काळे कण उतरतात. गर रव्याच्या चाळणीत घेऊन चमच्याच्या पाठीने दाबत राहा, रस खाली उतरतो. चाळणीत राहिलेल्या बिया धुऊ नका. त्यांना थोडा गर चिकटलेलाच असतो. वाटीभर घट्ट दही, चिमूटभर मीठ-साखर आणि बारीक चिरलेली काकडी घेऊन त्यात त्या सगळ्या ढवळून टाका. त्या दिवशीची कोशिंबीर तीच.